एक जानेवारीचा ढीग

४ ऑगस्ट

मशीन विचारतं – ही व्यक्ती कोण?

समोर गटाराचं झाकण! 'वगळा' दाबलं. मग खुर्चीची पाठ. वगळा. खुंटीवरचा कोट. वगळा. मग वहिनी. हात ओघात होता, तिलाही वगळलं. तिला सांगणार नाही.

भाची काल येऊन हा प्रोग्रॅम बसवून गेली. फोटो लावायचे, शोधायचे, दुरुस्त करायचे – सगळं एका जागी. स्टुडिओ बंद केला तेव्हापासून कपाटात पडलेल्या सीड्या, हार्ड डिस्क, सगळं त्याला चारलं. कालपासून गिळत होता. आज दुपारी संपवलं. दादाला आकडा सांगितला. मान खाली घालून ऐकलं आणि म्हणाला, "एवढेच?"

बढाई मारण्याचा त्याचा जुना आवाज. पुष्कळ दिवसांनी ऐकला.

६ ऑगस्ट

डोळ्यांचे डॉक्टर पुन्हा तेच म्हणाले. नजरेचा मधला भाग जाणार, कडा राहतील. आताच समोरच्या माणसाचं नाक-तोंड दिसत नाही, कान दिसतात. वहिनी म्हणाली, "बरंच झालं. माझं तोंड बघून कंटाळलेच होते." दादा हसला.

संध्याकाळी वाचनालयाच्या बाई आल्या. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचं दालन ऑक्टोबरात मोकळं आहे. साठ फोटो मावतील. मधल्या भिंतीवर अर्थात 'रिले'. "रिलेवाल्यांचं प्रदर्शन म्हटलं की सगळं गाव जिना चढेल," म्हणाल्या.

रिलेवाले म्हणजे दादा. त्या एका फोटोने त्याला ते नाव दिलं. शाळेचं मैदान, रिले शर्यत, हातातलं बॅटन पडलेलं आणि ती मुलगी रडायचं सोडून हसतेय! फोटोंच्या एवढ्या मोठ्या स्पर्धेत पहिलं बक्षीस. बक्षीस घ्यायला तो शेजाऱ्यांचा कोट घालून गेला होता. बाह्या आखूड. त्याला कुणाचाच कोट पुरत नाही.

दादा मला म्हणाला, "टिल्लू, निवडायचं काम तुझं. मला दिसत नाही." मी म्हटलं, निवडणार तूच. मी बघून सांगीन, तू ऐकून ठरव.

कडेकडेने का होईना, त्याला दिसतंय तोवर भिंती भरायला हव्यात.

९ ऑगस्ट

सत्यानाश!

फोल्डरांची नावं वेडीवाकडी होती म्हणून सरळ केली. शुद्धलेखनही सुधारलं. प्रोग्रॅम उघडला तर प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात प्रश्नचिन्ह. एकही उघडेना. घाम फुटला. दादा दारात येऊन उभा – "काय झालं?" काही नाही म्हटलं.

भाचीला फोन.

"आत्या, तू बाहेरून हात लावलास का?"

"बाहेरून म्हणजे?"

"म्हणजे प्रोग्रॅम सोडून. तो बिचारा जुन्या पत्त्यावर जाऊन दार वाजवतोय आणि तू सगळ्यांची घरं बदललीस. तुला साहित्यात सुवर्णपदक ना?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"तेच तर म्हणतेय मी!"

तासभर फोनवर ओरडून घेतलं. सगळे फोटो परत आले. जीव भांड्यात पडला. यापुढे जे करायचं ते आतूनच. शुद्धलेखन गेलं खड्ड्यात.

१३ ऑगस्ट

आम्ही दोघं रोज सकाळी बसतो. दादा खिडकीपाशी, गिऱ्हाइकांना बसवायचो त्या गोल स्टुलावर. पडद्याकडे पाठ. समोर असला की उगाच डोळे ताणतो.

पहिल्या दिवशी माझी चांगलीच उतरवली. मी सुरुवात केली – विषण्ण संध्याप्रकाश, तळ्याच्या काठी एकाकी बाक. तो म्हणाला, "उजेड कुठून येतोय ते सांग. विषण्ण आहे का ते माझं मी बघतो."

तेव्हापासून नीट सांगते. आधी जमीन कुठे संपते. मग उजेड कुठून. मग माणसं, डावीकडून उजवीकडे. मग त्यांचे हात. चेहरे शेवटी. एवढं सांगितलं की दादा तिथे पोचलेला असतो. "थांब, हा बँकेच्या उद्घाटनाचा. मी काउंटरवर चढलो होतो. मॅनेजर उतरा उतरा म्हणत होता." आणि खरंच, पुढच्या फोटोत मॅनेजरचं बोट!

ऐकून तारे देतो. पाच तारे म्हणजे भिंतीवर. एक म्हणजे आयुष्यात पुन्हा दाखवू नको.

काय नजर आहे या माणसाची. डोळे जातायत आणि नजर तशीच आहे. मी त्याच्या पाठीकडे बघून बोलत असते आणि अभिमानाने माझाच कणा ताठ होतो.

आज ओळीने काही फोटो सांगितले आणि म्हणाले, "दादा, सगळेच वर का बघतात रे?"

"मी उंच आहे म्हणून. माझ्या फोटोतली माणसं देवाकडे बघावं तशी बघतात."

वहिनी चहा घेऊन आली होती. "देव कसला? दिव्याचा खांब!"

मग 'रिले' आला. म्हटलं, हा सांगायला नको. म्हणाला, "सांग तरी. ऐकू दे." मी सांगितला. जमीन मुलीच्या छातीशी संपते. ऊन डावीकडून. मागे बाकीच्या धावतायत, पुसट. बॅटन जमिनीवरून उसळलेलं. मुलगी सरळ कॅमेऱ्यात बघून हसतेय.

"मान वर नाही?"

"नाही. सरळ."

मी विचारलं, तारे?

"पुढचा घे."

१४ ऑगस्ट

दादा आज बसला नाही. डोकं दुखतंय म्हणाला.

१९ ऑगस्ट

चेहऱ्यांचं काम चालू. प्रोग्रॅमने वहिनीच्या दोन बायका केल्यात! लग्नानंतरची बारीक एक, आताची एक. वरून विचारतो, या दोन व्यक्ती एकच आहेत का?

वहिनीला बोलावून दाखवलं. चष्मा लावून बघितलं. दादाला हाक मारून म्हणाली, "ऐकलंत का? मशीन म्हणतंय तुम्ही दोन केल्यात. पहिली कुठे ठेवलीत?"

दादा आतून, "दुसरीने खाल्ली!"

मी 'एकच' दाबलं. दोन्ही ढीग सरकत एकमेकांत गेले. वहिनी बघत राहिली. मग म्हणाली, "वन्सं, हे बटण छान आहे हो."

माझा ढीग अगदी लहान आहे. असायचाच. मी कायम कॅमेऱ्याच्या मागे – दादा समोरून, मी बाजूने. त्याचा कॅमेरा मुख्य, माझा जोडीला. घरी आल्यावर दोघांची कार्डं एकाच डब्यात, फोटो एकाच फोल्डरात, वर स्टुडिओचा शिक्का. कुणाचा कुठला, कधी विचारलं नाही. विचारायचं सुचलंही नाही. भिंत रंगवल्यावर कुठला फटका कुणाचा, असं कोण विचारतं?

२४ ऑगस्ट

प्रिंटवाल्याने 'रिले'ची फाइल परत पाठवली. मधल्या भिंतीएवढा मोठा केला तर फुटतो म्हणे. ही दुरुस्त करून लहान केलेली प्रत आहे, मूळ द्या. बरोबर आहे त्याचं. त्या काळात मी सगळं जुन्या प्रोग्रॅमवर साफ करायचे आणि लहान करून ठेवायचे. त्या प्रोग्रॅमने तारीखही पुसली, कॅमेऱ्याची माहितीही. मूळ कुठेतरी असणार. मी काही फेकत नाही.

शाळेच्या क्रीडादिनाच्या तारखेला शोधलं. दादाने काढलेलं बक्षीस समारंभापर्यंत सगळं आहे. 'रिले' नाही.

मग अगदी वर गेले, जिथे प्रोग्रॅम सर्वांत जुने फोटो ठेवतो. आणि तिथे डोंगर! हजारो फोटो, सगळ्यांवर एकच तारीख – एक जानेवारी. कॅमेरा कंपनीतून बाहेर पडला त्या वर्षाची. लग्नं, बारशी, कारखाने, शाळा, सगळं एकाच दिवशी, पहाटेपासून!

कारण कळलं. कॅमेऱ्यातलं घड्याळ बिघडलेलं असलं तर बॅटरी काढली-घातली की तारीख पहिल्यावर जाते. जोडीतला एखादा कॅमेरा असं करायचा, आठवतं. आम्ही कधी लावत बसलो नाही. फोटोला वेळ कोण विचारतं तेव्हा!

एवढे फोटो बाजूला पडले होते. दादाला सांगितलं, तुझा खजिना सापडला.

"माझा?" म्हणाला.

२८ ऑगस्ट

ढिगातले फोटो सांगायला घेतले आणि ताऱ्यांची बरसात. कारखान्याच्या नळावर तोंड धुणारा फोरमन – पाच. वराच्या पाठीमागे बूट शोधणारा त्याचा काका – पाच. भाषण चालू असताना मंचाखाली झोपलेला माइकवाला – पाच!

"दादा, तू इतकं बाजूचं कधी बघत होतास?"

तो खिडकीकडे तोंड करून बसलेला. "तेच आठवतोय," म्हणाला.

काल-आज मिळून अर्धी भिंत या ढिगातून झाली. एवढी वर्षं याच्याबरोबर काम केलं आणि हा असा बघत होता, मला पत्ता नाही. समोरचं सगळं टिपायचा आणि कडेचंही सोडायचा नाही! वाचनालयाच्या बाईंना फोन करून सांगितलं. जरा जास्तच बोलले बहुतेक. त्या म्हणाल्या, "तुमचा भाऊ, तुमची छाती फुगणारच."

१ सप्टेंबर

सापडला!

'रिले'ची मूळ फाइल ढिगातच. मोठी, स्वच्छ. मुलीच्या दातातली फट दिसते. प्रिंटवाला नाचेल.

फक्त डावीकडून एक काळा डाग आत आलाय. मीच तेव्हा पुसला होता, आता आठवलं. दादाला हाक मारली. तो आला, स्टुलावर बसला.

"डाग कसा आहे?"

"सावली असावी. लांबट. कोणीतरी डावीकडे उभं होतं. पंच असेल."

"हात खाली आहेत?"

नीट बघितलं. "नाही. दोन्ही कोपरं वर. डोकं दोन हातांच्या मध्ये. शिट्टी फुंकत असेल."

"दोन हातांनी?"

मी हसले. तो नाही हसला. पण उठताना माझ्या डोक्यावर टपली मारली. शाळेत असताना मारायचा तशी. इतक्या वर्षांत मारली नव्हती.

५ सप्टेंबर

भाचीचा फोन. एक जानेवारी एक जानेवारी काय करत बसलीस, सगळ्या फोटोंची वेळ एकदम पुढे ढकलता येते. फक्त आधी त्या बिघडलेल्या घड्याळाचे फोटो वेगळे काढ. प्रत्येक कॅमेरा आपला क्रमांक फोटोच्या पाठीवर लिहून ठेवतो. क्रमांकाने गाळ.

गाळलं. ढीग जसाच्या तसा राहिला. एकही फोटो कमी झाला नाही.

"म्हणजे सगळे एकाच कॅमेऱ्यातले," भाची म्हणाली. "बाबांच्या की तुझ्या?"

बाबांच्याच असणार म्हटलं. फोन ठेवला. कपाटातून दोन्ही कॅमेरे काढले. अगदी सारखे, जुळे. माझ्याला मी तेव्हा नेलपॉलिशचा ठिपका लावला होता आणि पट्टा आखूड करून घेतला होता. उलटा करून बुडाचा क्रमांक वाचला.

ठिपकेवाला.

पुन्हा वाचला. चष्मा पुसून पुन्हा.

६ सप्टेंबर

'रिले' मी काढला.

७ सप्टेंबर

काल एवढंच लिहून वही मिटली. आज नीट लिहिते.

मला आनंद झाला. आधी तेच लिहून ठेवते, कारण बोलणार नाही. नळावरचा फोरमन माझा. बूट शोधणारा काका माझा. ज्या नजरेचं मी महिनाभर गावभर कौतुक करत फिरले ती माझी! बाथरूममध्ये आरशासमोर उभी राहून स्वतःला बघितलं. तीच मी. पांढरे केस, खांद्यावर टॉवेल. हसू आवरेना.

मग 'रिले' उघडून बसले.

फोटो काढल्याचं आठवत नाही. बॅटन पडलं तेव्हा मी "गेलं!" म्हणून ओरडले, ते आठवतं. ती मुलगी त्यालाच हसली. माझ्याकडे बघून. बोट कधी दाबलं गेलं, माहीत नाही.

आणि ती सावली. पंच कसला! उंच माणूस, पाय फाकलेले, दोन्ही कोपरं वर, डोळ्याला कॅमेरा. दादा. तो डावीकडे उभा राहून रेषेवर पोचणाऱ्या मुलीला टिपत होता. त्याच वेळेचा त्याचा फोटोही सापडला. जिंकलेली मुलगी, छातीवर फीत. नीटनेटका. त्याला एकही तारा मिळाला नसता.

संध्याकाळी त्याने फोटो निवडले तेव्हा हा बघून ओरडला होता – "टिल्लू, हा बघ माझा कसा आलाय!" मी धावत गेले. खरंच वाटलं त्याला. मलाही. खोटेपणा नव्हता. आणि मग मीच बसून त्याची सावली पुसली.

आता ढिगातले बाकीचे फोटो माझे निघाले, हे त्याला सांगता येईल. त्याला आवडेलही. पण 'रिले'? त्याची ओळख आहे ती. दुधवाला त्याला रिलेवाले म्हणतो. पोस्टमन पत्त्याशिवाय पत्र आणून देतो. डोळे चाललेत. हातातून कॅमेरा गेला. आता नावही काढून घेऊ? प्रदर्शनाच्या महिनाभर आधी?

नाही.

११ सप्टेंबर

सकाळी स्टुलावर बसल्या बसल्या दादाने विचारलं, "घड्याळं लागली का?"

लागली. आणि सांगून टाकलं – ढीग माझा निघाला रे.

तो इतका मोठ्याने हसला की वहिनी हातातलं टाकून आली. "ऐकलंस? टिल्लूने आपल्याला धुतलं! पाच तारे, पाच तारे करत मी हिच्याच गळ्यात घालत होतो!" वहिनी म्हणाली, "मग इतकी वर्षं मी डबा कुणाला जास्त भरायला हवा होता?" पाट्यांवर दोघांची नावं लावायची ठरलं, ज्याचा फोटो त्याचं नाव. मी मान डोलावली. त्याला दिसली नाही, मग हो म्हटलं.

हसणं थांबलं. "आणि 'रिले'?"

"तुझा."

"सापडला तर ढिगात."

"ढिगात एखाद-दुसरा तुझाही मिसळला होता."

"मिसळला?"

"मशीनच ते. गटाराच्या झाकणाला माणूस म्हणतं."

"हं. ती मुलगी अजून समोरच बघतेय?"

"हो."

"बरं."

काय प्रश्न! फोटोतली मुलगी आणखी कुठे बघणार?

वहिनी माझ्याकडे बघत होती. मी पडद्याकडे बघितलं.

१६ सप्टेंबर

आज मूळ 'रिले' साफ केला. मोठ्या फाइलवर, नव्या प्रोग्रॅममध्ये. सावली एकदम पुसायची नाही – कडेकडेने, गवताच्या काड्या एकेक शेजारून आणून. आधी डोकं गेलं. मग कोपरं. मग पाय. शेवटी मैदान मोकळं झालं, जणू तिथे कधी कोणी उभं नव्हतं.

काम उत्तम झालंय. माझ्या हाताचं आतापर्यंतचं सर्वांत चांगलं. कोणाला कळणार नाही. तो उभा होता ही खूण गेली आणि फोटो त्याचा झाला. विचित्र हिशेब आहे. पण जुळला.

भाची म्हणते, हा प्रोग्रॅम मूळ फोटोला कधी हात लावत नाही. आपण केलेलं सगळं वरच्या वर ठेवतो, कधीही मागे जाता येतं. चांगलं आहे. इथे कोण मागे जाणार?

फाइल प्रिंटवाल्याला पाठवली.

२३ सप्टेंबर

दादाने दार लावून घेतलं आणि वहिनीकडून फोन लावून घेतला. अर्धा तास. वाचनालयाच्या बाई, मग आणखी कोणीतरी. मी दारावरून गेले तर आवाज बंद.

वहिनीला विचारलं. "मला काय विचारता वन्सं? मी नुसते आकडे दाबते. तुमच्या भावाला या वयात गुपितं सुचायला लागलीत." पण तोंड दाबून हसत होती.

कौतुकाची पत्रिका वगैरे छापतोय की काय? छापू दे. त्याचा दिवस आहे.

२ ऑक्टोबर

वाचनालयाच्या बाई पाट्यांचा मजकूर तपासायला देणार होत्या. मुद्रितशोधन मीच करते हे त्यांना माहीत आहे. दिला नाही. "झालं सगळं, तुम्ही काळजी करू नका." एकही चूक राहिली तर मी दालनात पाऊल ठेवणार नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "चूक असेल तर तुम्हीच काढा. सगळ्यांसमोर."

९ ऑक्टोबर

उद्या.

आज फोटो टांगले. मला वर जाऊ दिलं नाही! वहिनी जिन्यात स्टूल टाकून बसली होती. भाची आलीय, तीही त्यांच्यातलीच झालीय. वरून दादाचा आवाज येत होता – "डावीकडून जरा वर. अजून. मला कडा दिसतात, मधलं तुम्ही बघा." हातोडी, हसणं, पुन्हा हातोडी.

मी खाली वाचनकक्षात बसले. एक पुस्तक उघडून ठेवलं होतं. एक ओळ वाचली नाही. वर माझा भाऊ आपली भिंत लावत होता. अंधारात असता तरी सरळ लावली असती.

शेजाऱ्यांचा कोट पुन्हा मागून आणलाय. दुसरे शेजारी. बाह्या आखूडच.

१० ऑक्टोबर

मधल्या भिंतीवर 'रिले'. सावलीसकट.

मी थबकले. भाची कानाशी आली. "आत्या, मी फक्त 'मूळ' दाबलं. बाबांनी सांगितलं."

खाली पाटी. माझं पूर्ण नाव. त्याखाली बारीक अक्षरात – डावीकडची सावली : थोरला भाऊ.

चूक शोधली. नव्हती.

दादा फोटोसमोर तोंड फिरवून उभा होता. त्याला तसंच दिसतं आता, कडेने. मी जवळ गेले तेव्हा म्हणाला, "मला ऑगस्टातच कळलं, टिल्लू. माझ्याकडे कधी कुणी सरळ बघितलंय?"

कोणीतरी नवीन माणूस गर्दीतून विचारत आला – यातले रिलेवाले कोण?

दादाने आखूड बाहीतला लांब हात वर केला आणि बोट दाखवलं. "ही."

बोट जरा चुकलं. तिथे नुसती खिडकी होती.

मी सरकले. बोट होतं तिथे जाऊन उभी राहिले.